पाणी सर्वांचे, दार कोणाचे?

दिवाळी म्हटली की पहाटेचे कढत पाणी आलेच. अंगणातला तांब्याचा बंब जाऊन न्हाणीत गिझर आला असला, तरी नरक चतुर्दशीला तेल, उटणे आणि अंगाला सोसेल तेवढे ऊन पाणी हा क्रम आपल्या घरांतून अजून सुटलेला नाही. या स्नानात पाणी आपले, न्हाणी आपली आणि न्हाणारी माणसेही आपलीच. त्यामुळे या पाण्याशी कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. पण समजा, पाणी कोणी तापवलेलेच नाही. ते जमिनीच्या पोटातून आपोआप कढत होऊन वर येते आहे आणि त्याच्याभोवती गाव वसले आहे. मग ते पाणी कोणाचे? गावाचे, की वाटसरूचेही? तिथे दार असावे का? आणि असलेच, तर ते कोणाच्या तोंडावर लावून घेण्याचा अधिकार गावाला पोहोचतो?

जपानच्या खेड्यापाड्यांत हा प्रश्न नुसत्या चर्चेचा नाही, रोजच्या व्यवहाराचा आहे. त्या देशाखाली पृथ्वीच्या कवचाचे चार मोठे तुकडे एकमेकांना रेटत असतात. शंभराहून अधिक जागृत ज्वालामुखी, वारंवारचे भूकंप आणि २७ हजारांहून अधिक गरम पाण्याचे उगम, हे सारे त्या रेटारेटीचेच फळ. अशा पाण्याला आणि त्याभोवतीच्या स्नानाच्या जागेला तिकडे 'ओन्सेन' म्हणतात. ओन्सेन कशाला म्हणावे याचा तिथे १९४८ सालचा कायदाच आहे. उगमापाशी पाण्याचे तापमान निदान २५ अंश सेल्सिअस असावे, किंवा कायद्याने सांगितलेल्या १९ गुणांपैकी वा द्रव्यांपैकी एखादे तरी त्यात ठरावीक प्रमाणात असावे. आपल्याकडेही वज्रेश्वरी आहे, राजापूरजवळचे उन्हाळे आहे, दापोलीकडचे उन्हवरे आहे, खानदेशातले उनपदेव आहे. आपले हे झरे ज्वालामुखीचे नव्हेत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कुंडाशेजारी एखादे देऊळ असते आणि पाण्याने त्वचेचे विकार बरे होतात अशी श्रद्धा असते. ही श्रद्धा जपानातही आहे, आणि पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ तिच्यातच आहे.

भाचा नोकरीनिमित्त जपानात असल्यामुळे एका नोव्हेंबरात मला तिकडची काही खेडी पाहण्याचा योग आला. नागानो प्रांतातील नोझावा ओन्सेन हे डोंगरउतारावरचे गाव. इयामा स्टेशनावर वेगवान गाडीतून उतरायचे आणि तिथून बसने अर्ध्या तासाच्या आत गावात पोहोचायचे. गल्ल्या अरुंद आणि चढउताराच्या, आणि रस्त्याकडेच्या गटारांच्या झाकणांतूनही वाफ वर येत असते. गावात १३ सार्वजनिक स्नानगृहे आहेत. त्यांची देवस्थाने याकुशी बुद्ध आणि त्याचे बारा सेनापती. याकुशी म्हणजे संस्कृत ग्रंथांतला भैषज्यगुरू, वैद्यांचा वैद्य. आपल्याकडून निघालेला हा देव चीनमार्गे तिथे पोहोचला आणि ऊन पाण्याच्या काठी रमला, हे पाहून गंमत वाटली. स्नानगृहाच्या दाराशी तिकीट नाही, पहारेकरी नाही. एक दानपेटी आहे. वाटल्यास नाणे टाकावे.

मग हे चालते कसे? गावकऱ्यांच्या 'युनाकामा' नावाच्या मंडळ्या आहेत. शब्दाचा अर्थ साधा आहे : ऊन पाण्याचे सोबती. प्रत्येक स्नानगृहाच्या आसपासची घरे त्या मंडळीत असतात. ती पाळीपाळीने हौद उपसतात, लाद्या घासतात आणि विजेचा खर्च वर्गणीतून भागवतात. ही रीत पिढ्यान् पिढ्यांची. पाणी निसर्गाने दिले हे खरे, पण हौद कोणी तरी रोज घासतो म्हणून ते आपल्या अंगाला लावण्याजोगे राहते, एवढे ध्यानात घेतले की पाहुण्याचा सूर आपोआप खाली येतो.

आता आपल्या वाचकांच्या मनातला प्रश्न. होय, तिथे कपडे पूर्ण उतरवून पाण्यात उतरावे लागते. पुरुषांचे हौद वेगळे, स्त्रियांचे वेगळे. आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, साबणाचा फेस उरता कामा नये, आणि मगच हौदात शिरायचे. भाच्याने आधीच बजावले होते, "मामा, पंचा पाण्यात बुडवायचा नाही हं. घडी करून डोक्यावर ठेवा. पाणी फार कढत वाटलं तर थंड नळ सोडण्याआधी बसलेल्यांना विचारा." त्यामुळे माझी फजिती टळली. हौदात तीन वृद्ध बसले होते. एकाने सरकून जागा केली आणि 'दोझो' म्हणजे 'या, बसा' एवढेच म्हणाला. त्यापुढे कोणी काही बोलले नाही. त्यातला शेतकरी कोण, निवृत्त अधिकारी कोण, हे कळायला काही साधनच नव्हते. आपल्याकडे घड्याळ, चपला, सदऱ्याची इस्त्री यांवरून माणसाचे मोल पहिल्या पाच पळांत होते. तिथे ती तराजूच काढून घेतलेली.

नग्नतेची आपल्याला इतकी अनोळख असण्याचे खरे तर कारण नाही. आपल्या बेळगाव-कोल्हापूर भागात दिगंबर जैन मुनींचा विहार आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत आणि रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहत आलो आहोत. पण तिथे सर्वस्व सोडलेला एक महात्मा असतो आणि आपण पाहणारे असतो. नोझावाच्या हौदात तेच सोडणे सामान्य माणसाच्या वाट्याला, अर्ध्या तासापुरते का होईना, येते. सोडायचे ते सर्वांनीच, आणि सर्वांनी सारखे. जपानी लोक या सोबतीला मोठे मानतात. पाण्यात बसल्यावर माणसे बरोबरीची होतात, असे तिथे सर्रास म्हटले जाते.

हे म्हणणे खरे आहे. पण ते हौदाच्या आतल्या माणसांपुरते खरे आहे. बरोबरीची खरी परीक्षा हौदाच्या आत होत नाही. ती बाहेर, दारापाशी होते.

नोझावातच एक जागा आहे जिथे पाहुण्याला प्रवेश नाही. तिला 'ओगामा' म्हणतात. जवळजवळ ९० अंशांचे पाणी तिथे उसळत असते आणि गावातल्या बाया त्यात भाज्या, अंडी उकडून घेतात. कुंपणाबाहेरून पाहावे, आत जाऊ नये, अशी पाटी आहे. मला त्या पाटीचा राग आला नाही, कोणालाच येत नसावा. ते गावाचे स्वयंपाकघर आहे आणि पाय घसरला तर जीव जाईल असे पाणी आहे. आपल्याही घरी पाहुण्याला ओसरी मोकळी असते, चुलीपाशी तो न विचारता जात नाही, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. म्हणजे प्रत्येक बंद दार अन्यायाचे असते असे नाही.

त्याच प्रांतात जिगोकुदानी नावाची दरी आहे. तिथली माकडे १९६०च्या आसपास एका खाणावळवजा विश्रामगृहाच्या उघड्या हौदात येऊन बसू लागली. माणूस आणि माकड एका पाण्यात, हे आरोग्याला बरे नव्हे. तेव्हा माकडांसाठी स्वतंत्र हौद बांधून दिला आणि १९६४ साली तिथे उद्यान सुरू झाले. बर्फ पडत असताना डोळे मिटून गळ्याइतक्या पाण्यात बसलेली लालतोंडी माकडे पाहायला आज साऱ्या जगातून लोक येतात. माकडांना वेगळे पाणी दिले यात कोणाचा अपमान झाला नाही. पण हाच उपाय माणसांना लावला, तर काय होते? त्याचेही उत्तर जपानच्याच डोंगरात सापडते.

गुन्मा प्रांतातील कुसात्सु हे जपानच्या सर्वांत नामांकित उष्णोदकांपैकी एक. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर. गावाच्या मधोमध 'युबाताके', म्हणजे पाण्याचे शेत आहे. तिथे मिनिटाला सुमारे चार हजार लिटर कढत पाणी वर येते आणि लाकडी पन्हळींतून वाहत थंड होते. पाणी लिंबाच्या रसाइतके आम्ल आहे. त्यात थंड पाणी मिसळले तर गुण कमी होईल, म्हणून लांब फळ्यांनी ते घुसळून निववण्याची जुनी रीत आहे. एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरने मेजी काळात या पाण्याची आणि इथल्या हवेची फार वाखाणणी केली. परंतु बेल्त्स येण्याच्या पुष्कळ आधीपासून कुसात्सुचा लौकिक एका रोगासाठी होता. तो म्हणजे कुष्ठरोग. या पाण्याने तो बरा होतो असा समज होता. घरादाराने टाकलेले रुग्ण देशभरातून पायपीट करीत इथे येत आणि बाकीच्यांसह याच हौदांत उतरत.

गाव प्रतिष्ठित होऊ लागले, पैसेवाले पाहुणे येऊ लागले, तसे हे रुग्ण खुपू लागले. १८८७च्या सुमारास त्यांना गावाच्या खालच्या अंगाला युनोसावा या ठिकाणी हलवण्यात आले. वेगळी वस्ती, वेगळे पाणी. तरीही त्या माणसांनी तिथे संसार उभे केले, दुकाने काढली, कारभार आपल्या हाती घेतला. मेरी कॉर्नवॉल ली ही इंग्रज बाई १९१६ साली, साठीच्या उंबरठ्यावर असताना, तिथे राहायला आली आणि तिने आपली मिळकत त्यांच्यासाठी दवाखाना, शाळा, घरे उभारण्यात खर्च केली. पण एकदा 'वेगळे' म्हणून रेघ ओढली की ती तिथे थांबत नाही. १९३१ सालच्या कायद्याने सर्वच रुग्णांना सक्तीने आरोग्यधामांत डांबण्याचे धोरण आले. १९३२ साली जवळच कुर्यू राकुसेनएन हे सरकारी आरोग्यधाम निघाले आणि १९४१ साली युनोसावा मोडून टाकण्यात आले. त्या आरोग्यधामाच्या आवारात १९३८ ते १९४७ पर्यंत एक कोठडी होती. नाव होते 'विशेष रुग्णकक्ष'. देशभरातील 'ऐकत नसलेले' रुग्ण कोणत्याही खटल्याशिवाय तिथे कोंडले जात. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो अशा जागी ना शेकोटी, ना पुरेसे अन्न. एकूण ९३ माणसे तिथे कोंडली गेली आणि त्यातली २३ दगावली. ज्यांच्यामुळे या पाण्याचे नाव झाले, त्यांनाच त्या पाण्याच्या हाकेच्या अंतरावर थंडीत मरावे लागले.

आपण म्हणू, त्या काळी अज्ञान होते, औषध नव्हते. पण औषध १९४०च्या दशकातच आले होते. जपानने तो कायदा १९५३ साली नव्या रूपात पुन्हा केला आणि तो रद्द व्हायला १९९६ साल उजाडले. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने हे धोरण घटनाविरोधी ठरवले. सरकारने अपील केले नाही आणि पंतप्रधानांनी माफी मागितली. आता तरी दार उघडायला हवे होते. पण कायदा उठला म्हणून मनाची कडी निघतेच असे नाही.

त्याच कुमामोतो प्रांतात कुरोकावा हे डोंगरातले ओन्सेन गाव आहे. त्याची कथा मोठी गोड आहे. १९७०-८० च्या सुमारास गाव ओस पडत चालले होते. गोतो तेत्सुया नावाच्या एका विश्रामगृहाच्या मालकाने हाताने डोंगर कोरून गुहेतले स्नानगृह तयार केले, झाडे लावली, आणि शेजाऱ्यांनाही तेच करायला लावले. उघड्यावरचे हौद हे गावाचे आकर्षण ठरले. पण दोन विश्रामगृहांकडे हौद बांधायला जागाच नव्हती. त्यांनी काय करावे? गावाने ठरवले की सगळ्यांचे हौद सगळ्यांच्या पाहुण्यांना मोकळे करायचे. १९८६ साली देवदाराच्या लाकडाची गोल चकती निघाली. ती गळ्यात अडकवायची आणि कोणत्याही तीन हौदांत स्नान करायचे. सारा गाव एकच विश्रामगृह, गल्ल्या म्हणजे त्याचे व्हरांडे, अशी कल्पना. दोन शेजारी मागे पडू नयेत म्हणून काढलेल्या युक्तीने सारे गाव तरले. सहकाराचा याहून सुंदर धडा मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही.

आणि याच कुरोकावात २००३ च्या नोव्हेंबरात, बाहेरच्या कंपनीच्या मालकीच्या एका हॉटेलने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांना खोली नाकारली. किकुची केइफुएन या आरोग्यधामातील काही वृद्ध रहिवाशांना प्रांतिक सरकार सहलीला नेणार होते. एक रात्र डोंगरात मुक्काम आणि ऊन पाण्याचे स्नान, एवढीच हौस. कारण सांगितले गेले की इतर पाहुण्यांना अवघडल्यासारखे होईल. प्रांताच्या राज्यपाल बाईंनी हा प्रकार जाहीर केला, कायद्याप्रमाणे कारवाई झाली आणि २००४ साली ते हॉटेल बंदही झाले. पण मला अस्वस्थ करते ती मधली घटना. हॉटेलचे लोक माफी मागायला आले तेव्हा रहिवाशांनी ती माफी तिथल्या तिथे स्वीकारली नाही, कारण नकार चुकीचा होता हे कंपनी मनापासून मान्य करीत नव्हती. हे दूरचित्रवाणीवर दिसताच त्या वृद्धांकडे देशभरातून शिव्याशापांची पत्रे आली. सरकारच्या पैशावर जगता आणि वर मान करून बोलता, असा त्यांचा सूर. कालपर्यंत दया करणारी माणसे, समोरचा हक्काची भाषा बोलू लागताच खवळली. दया ही वरून खाली वाहते. तिला बरोबरी सोसत नाही.

दुसरे उदाहरण होक्काइदोमधील ओतारु या बंदराच्या गावचे. तिथे रशियन खलाशी येत. त्यांच्यापैकी काही जण दारू पिऊन स्नानगृहात शिरत, साबणासकट हौदात उतरत आणि नेहमीची गिऱ्हाइके तुटत. शेवटी एका स्नानगृहाने पाटी लावली : फक्त जपानी. १९९९ साली अमेरिकेत जन्मलेले एक प्राध्यापक आपल्या जपानी पत्नी आणि मुलींसह तिथे गेले. दोन सख्ख्या बहिणी. पण एकीचा चेहरा आईसारखा म्हणून तिला आत घेता येईल आणि दुसरीचा बापासारखा म्हणून तिला घेता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे २००० साली ते गृहस्थ जपानचे नागरिक झाले, कागद घेऊन पुन्हा गेले, आणि तरीही परत पाठवले गेले. म्हणजे 'जपानी' या शब्दाचा अर्थ नागरिकत्व नव्हता, भाषाही नव्हती, चेहरा होता. ११ नोव्हेंबर २००२ रोजी साप्पोरोच्या न्यायालयाने हा वांशिक भेदभाव ठरवला आणि तिघा फिर्यादींना मिळून ३० लाख येन भरपाई द्यायला लावली. सार्वजनिक स्नानगृहाला सार्वजनिक जबाबदारी असते. जो गोंधळ घालतो त्याला समजावा, बाहेर काढा. पण त्याच्यासारखा दिसणाऱ्या सगळ्यांना दार लावू नका, असा त्या निकालाचा मथितार्थ.

इथे त्या मालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. तो राक्षस नव्हता. त्याचे कर्ज होते, नोकरांचे पगार होते, आणि एक गिऱ्हाईक खूश करताना चार तुटत होती. घर माझे, धंदा माझा, कोणाला घ्यायचे ते मी ठरवीन, असे कोणीही म्हणेल. नोझावाच्या गावकऱ्यांनाही, जे हौद घासतात, दोन शब्द जास्त बोलण्याचा अधिकार आहेच. पाहुण्याने वागायचे कसे हे यजमान ठरवणार. प्रश्न एवढाच, की यजमान कोणकोणत्या गोष्टी ठरवू शकतो?

मला वाटते, उत्तर नियमाच्या स्वरूपातच आहे. अंग धुऊन या, पंचा बुडवू नका, मोठ्याने बोलू नका, दारू पिऊन येऊ नका : या अटी कोणीही, आजच्या आज, पाळू शकतो. त्या पाळल्या की दार उघडते. 'तुझा चेहरा असा आहे', 'तुला पूर्वी अमुक रोग होता' ही अट कोणत्याही प्रयत्नाने पुरी होत नाही. जो पाळता येतो तो नियम; जो पाळताच येत नाही ती भिंत. नियमाचा संबंध पाण्याशी असतो, ते स्वच्छ राहावे म्हणून. भिंतीचा संबंध पाण्याशी नसतोच. बऱ्या झालेल्या वृद्धांच्या अंगामुळे कुरोकावाचे पाणी बिघडणार नव्हते. बिघडणार होते ते पाहणाऱ्यांचे मन, आणि त्यांच्या मनाची किंमत या वृद्धांकडून वसूल केली गेली.

मग ओगामाचे काय? तिथेही बाहेरचा माणूस काही केल्या गावकरी होऊ शकत नाही. खरे आहे. म्हणून कसोटीला आणखी एक कलम जोडावे लागते. दार लागल्याने बाहेरचा माणूस माणूस म्हणून उणा ठरतो का? ओगामाबाहेर उभा राहिलेला पाहुणा शंभर पावलांवरच्या हौदात जाऊन सुखाने बसतो. युनोसावाच्या रुग्णाला, ओतारुच्या त्या पोरीला जे कळले ते निराळे होते : तू आमच्यातली नाहीस.

काही अटी या दोहोंच्या मध्ये पडतात. गोंदणाचेच घ्या. जपानात गुंडांच्या टोळ्या अंगभर गोंदवून घेतात, म्हणून पुष्कळ स्नानगृहे गोंदलेल्यांना घेत नाहीत. २०१५ साली तिथल्या पर्यटन खात्याने विचारणा केली तेव्हा उत्तर देणाऱ्या सुमारे ६०० ठिकाणांपैकी ५६ टक्क्यांनी आपण प्रवेश नाकारतो असे सांगितले. हेतू वाईट नव्हता. दहशत बाहेर राहावी हाच होता. पण २०१३ साली याच नियमाने न्यूझीलंडच्या एका माओरी भाषेच्या अध्यापिकेला होक्काइदोत परत पाठवले. तिच्या हनुवटीवरचे गोंदण तिच्या कुळाची ओळख होती, आणि ती आली होती आदिवासींच्या भाषा जगवण्याविषयीच्या परिषदेला. त्याच होक्काइदोत ऐनू बायका पूर्वी ओठांभोवती गोंदून घेत आणि मेजी सरकारने १८७१ साली ते बंद पाडले होते. आपल्या आज्यांच्या कपाळावरचे, हातावरचे हिरवे गोंदण आठवले की हा प्रश्न परका राहत नाही. आता काही स्नानगृहे चिकटपट्टीने गोंदण झाकले तर आत घेतात. हा मधला मार्ग मला बरा वाटतो, कारण त्याने भिंतीचे रूपांतर पाळता येण्याजोग्या अटीत होते. तरी त्या बाईला मात्र तोंडच झाकावे लागेल, हेही विसरता येत नाही.

जपानला नावे ठेवण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्या मातीत महाडचे चवदार तळे आहे, त्या मातीतल्या माणसाला ती सोयही नाही. पाण्यात गुरे उतरत होती, अन्य धर्मीय पीत होते आणि आपल्याच माणसांना मात्र ओंजळभर घ्यायला २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. नगरपालिकेने ठरावाने तळे आधीच मोकळे केले होते, तरीही. आपला कुष्ठरोग्यांविषयीचा १८९८ सालचा कायदा २०१६ साली रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यांतून २०१९ साली निघाले. म्हणजे या बाबतीत आपण जपानच्या पुढे नव्हतो.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हा विषय जरा अधिक जवळचा असायला हवा. 'तुम्ही नक्की कुठले?' हा प्रश्न आपण कचेरीच्या खिडकीशी, बसमध्ये, मुलांच्या प्रवेशाच्या वेळी ऐकलेला आहे. तोंड उघडताच कोणत्या भाषेचा म्हणून तोलले जाणे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण दाराबाहेर उभे राहिल्याचा अनुभव असला म्हणजे माणूस दार उघडे ठेवतोच असे नाही. आपल्याच गल्लीत भाड्याने खोली द्यायची झाली की आपण काय विचारतो? भाडे वेळेवर द्याल का, पाणी जपून वापराल का, हे विचारतो. त्यात काही गैर नाही. पण त्याआधी आडनाव विचारतो, घरात कोणती भाषा बोलता ते विचारतो, काय खाता ते विचारतो, आणि मग 'खोली कालच दिली हो' म्हणून हसून सांगतो. इथे पाटी नसते एवढाच फरक. ओतारुच्या मालकाने निदान पाटी लावली होती, म्हणून त्याच्यावर खटला तरी भरता आला.

शाळेत मुलांना मी दोन याद्या करायला सांगतो. आपल्या वर्गाचे, घराचे, गल्लीचे कोणते नियम नव्याने येणाऱ्याला पाळता येतील, आणि कोणते त्याला काही केले तरी पाळता येणार नाहीत? पहिली यादी मुले भराभर लिहितात. दुसरीपाशी वर्ग शांत होतो. मराठी मुले आणि कानडी मुले, दोघांच्याही वह्यांत दुसऱ्या यादीत जे उतरते ते बहुधा सारखेच असते.

जपानातल्या १३ राष्ट्रीय आरोग्यधामांत उरलेल्या रहिवाशांचे सरासरी वय आता पंचाऐंशीच्या पुढे गेले आहे. त्यातल्या अनेकांना परतायला घर नाही. नाव बदलून आलेले, घरच्यांनी मेले असे जाहीर केलेले ते लोक. २००३ साली त्यांना कोणाचे उपकार नको होते. अंग धुऊन, पंचा डोक्यावर ठेवून, इतरांसारखे त्या पाण्यात बसायचे होते. सगळे नियम पाळायला ते तयार होते. अशा माणसासाठी सरकून जागा करून देणे आणि 'या, बसा' म्हणणे एवढेच आतल्याचे काम असते.